उलटा ग्लास

पोर्ट केम्ब्लाच्या पबात भिंतीवर पितळी पाटी लागली आणि क्लॅरी व्हॉसचं डोकं फिरलं.

पाटीवर ‘नंबर फोर शेड’ या, क्लॅरी ज्यात ड्रम वाजवायचा त्या बँडचं नाव होतं, अकरा वर्षांचा काळ होता आणि खाली चार नावं. सगळ्यात वर ट्रेव्हर लाइल. ट्रेव्हर दोन वर्षं गायला आणि सिडनीला जाऊन नामांकित झाला. पुढची नऊ वर्षं डेस हॅलोरन गायला. पोलाद कारखान्यातली पाळी संपली की अंगावरची लाल धूळ घेऊन तो थेट माइकपुढे उभा राहायचा. मार्चमध्ये डेस गेला. पाटीवर त्याचं नावच नव्हतं.

“जागा पुरली नाही, मित्रा,” नवा मालक ब्रेंडन म्हणाला. “आणि लोक ट्रेव्हरला ओळखतात.”

“कुठले लोक? हा गालिचा बिअरने चिकट झाला तो डेसच्या गर्दीने. ट्रेव्हरच्या वेळी कोरडा होता!”

“जाऊ दे ना. ही बिअर माझ्याकडून.”

क्लॅरीने ती एका दमात संपवली आणि रिकामा ग्लास काउंटरवर उलटा ठेवला.

गप्पा थांबल्या. इथे ग्लास उलटा ठेवणं म्हणजे साऱ्या पबाला आव्हान: या, ज्याला यायचं त्याने अंगावर या. ब्रेंडन बाहेरचा. तो ग्लास उचलायला गेला.

“हात लावू नकोस!” काउंटरमागून मॉरीन ओरडली.

“क्लॅरी,” गिटारवाला कीथ म्हणाला, “गेल्याच महिन्यात तुझा खुबा बदललाय.”

“मग एका पायावर लढतो. अकरा वर्षं ड्रम बडवलेत, हात अजून दणकट आहेत.”

कीथने सुस्कारा टाकला, आपला ग्लास रिकामा केला आणि क्लॅरीच्या बाजूने त्याच्या ग्लासशेजारी उलटा ठेवला. मग तिसरा. मग खिडकीजवळच्या म्हाताऱ्यांचे पाच.

पाटीच्या उद्घाटनाला आलेला ट्रेव्हर मंचावर माइकपाशी उभा होता. तो इथेच वाढलेला, त्याला सगळं कळलं. तो खाली आला. क्लॅरीने मुठी आवळल्या. ट्रेव्हरने आपला ग्लास रांगेत उलटा ठेवला.

“पाटी उतरव, ब्रेंडन.”

“आज? पाहुणे जमलेत!”

कीथने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. आयुष्यभर फिटर होता तो.

“आणि तू रे?” क्लॅरी ट्रेव्हरवर कडाडला. “दुपारपासून पाटीशेजारी फोटो काढून घेतोयस. तेव्हा वाचता येत नव्हतं?”

ट्रेव्हर कीथपाशी गेला. कीथ स्क्रू काढत होता, ते तळहातावर झेलत उभा राहिला.

पाटी उतरली. मॉरीनने क्लॅरीपुढे भरलेला ग्लास ठेवला. त्याने तो परत सारला.

“डेसचं नाव लागेल तेव्हा.”

उलटा ग्लास तिथेच राहिला. मॉरीन रोज त्याच्या भोवतीने काउंटर पुसते.