हं म्हणणारी

नणंदबाई या खेपेला आल्या त्या मोबाईलला जोडायचा इवलासा माइक घेऊनच.

"आईच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवते," त्या म्हणाल्या. "नातवंडांना पुढं ऐकायला होतील."

सुनेच्या काळजात बारीक सुई टोचली. दुपारी पाय चेपता चेपता ऐकलेल्या त्या गोष्टी इतकी वर्षं तिच्या एकटीच्या होत्या. आता लेक यायची नि त्या आयत्याच डबीत भरून न्यायची!

सासूबाई डोळ्यांनी अधू. खाटेवर टेकून त्यांनी सुरुवात केली, "शिंप्याच्या दुकानात मी नवी होते..."

"हं," पायाशी बसलेली सून म्हणाली.

"वहिनी, मधेमधे हं हं नको गं. त्यात आवाज येतो."

सून उठली ती स्वयंपाकघरात जाऊन घासलेलंच पातेलं पुन्हा घासू लागली. ओठांवर 'देवा, मन स्वच्छ ठेव' चाललं होतं. कान मात्र भिंतीला चिकटले होते.

"एका सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या..." सासूबाई थांबल्या. "ऐकतंय का कुणी?"

"ऐकतेय ना, आई. बोल."

"तर... कुठं होते मी?"

पुन्हा बाह्या. पुन्हा तिथंच गाडी अडली.

सुनेला आतून गुदगुल्या झाल्या. तो सदरा ज्या गिऱ्हाइकाचा, तेच पुढं तिचे सासरे झाले, हे तिला तोंडपाठ होतं. लेकीला कुठं ठाऊक? न्या म्हणावं रिकामी डबी!

"जाऊ दे," सासूबाईंचा आवाज पडला. "विसरलेच बाई मी सगळं."

पातेल्यावरचा हात थांबला.

"पोरी, कुठं गेलीस गं?"

"इथंच आहे की!" नणंदबाई म्हणाल्या.

"तू नव्हेस. ती, हं म्हणणारी."

ओल्या हातांनीच सून दारात आली. नणंदबाईंच्या नजरेतली सुई तिनं लगेच ओळखली. सकाळपासून ती तिच्याच काळजात होती.

"वन्सं, तुम्ही म्हणून बघा ना."

नणंदबाईंनी घसा खाकरून "हं" म्हटलं.

"हे कोण आलंय?" सासूबाई दचकल्या.

नणंदबाईंचा चेहरा एवढासा झाला. माइक सुनेकडे सरकवत त्या पुटपुटल्या, "म्हणजे माझ्या आईच्या गोष्टीत जन्मभर तुझाच आवाज राहणार!"

यावर सुनेनं 'नाही' म्हणायला हवं होतं. सून पायाशी बसली नि म्हणाली, "हं."

"तर काय सांगू," सासूबाई खुलल्या, "तो मेला तोच सदरा घालून दारात उभा!"