उखळातला कोहळा

पितांबर नाना शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि सावद्यातल्या पोरांचं नशीब फुटलं. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवून स्वतः बोललेला माणूस घरी किती दिवस बसणार? घरात त्यांचं ऐकायला सून होती, पण तिला स्वयंपाक असायचा. म्हणून एकोणनव्वद सालच्या श्रावणात नानांनी महादेवाच्या देवळात दर रविवारी संस्कारवर्ग काढला. माझ्या सासूबाईंनी, बेबाबाईंनी, माझी दोन्ही मुलं पहिल्याच दिवशी तिथं नेऊन बसवली. मुक्ता आठ वर्षांची होती, गुणवंत चारचा.

मी माहेरची धुळ्याची. बारावीपर्यंत शिकले, म्हणून सासरी मला ‘शहरातली’ म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. माझे मालक चुडामण केळी पिकवायचे. लहानपणी नानांच्या हाताखाली शिकलेले. दोन मुलांचा बाप झाला तरी नाना समोरून दिसले की हा माणूस बिडी मुठीत विझवायचा.

पहिले दोन रविवार श्लोक आणि आरत्या झाल्या. तिसऱ्या रविवारी नानांनी पोथी उघडली आणि त्या राजाराणीची गोष्ट सांगितली, जी आपल्याकडे श्रावणात बायका डोळे पुसत ऐकतात. देव गोसाव्याच्या रूपात दारी येतो. जेवायला राजाच्या एकुलत्या एका मुलाचं मांस मागतो. राजाराणी मुलाला शाळेतून बोलावून घेतात, कापतात, शिजवतात. देव म्हणतो, डोकं कुठं लपवलं? मग आई ते उखळात घालून कांडते, वर गाणंही म्हणते, कारण रडलं तर व्रत मोडेल. शेवटी देव प्रसन्न होतो आणि मुलगा जिवंत होऊन धावत येतो.

गोष्ट संपल्यावर नानांनी मुलांना विचारलं, “आईबापांनी देवासाठी मागितलं तर तुमच्यापैकी कोण कोण आपलं डोकं देईल? हात वर.”

सगळ्यांनी हात वर केले. माझ्या मुक्तानंही केला. नाना म्हणाले, शाबास. सासूबाई देवळाच्या ओट्यावर बसून हे पाहत होत्या. घरी येऊन त्यांनी मोठ्या अभिमानानं मला सांगितलं.

त्याच आठवड्यात दुपारी एक बैरागी दारात आला. मुक्ताईच्या दर्शनाला पायी चालला होता. दाढी, भगवं, हातात कमंडलू. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं आणि म्हणाल्या, “जेऊनच जा, महाराज. काय खासान?” मग घराकडे तोंड करून ओरडल्या, “मुक्ते, तुह्या मायले सांग, महाराज म्हनतीन ते कर म्हना.”

मी चुलीपाशी होते. मुक्ता आलीच नाही. बैराग्यानं भाकरी आणि पिठलं मागितलं, ते मी वाढलं, तो जेवून आशीर्वाद देऊन गेला. ताट उचलताना माझ्या ध्यानात आलं की घरात गुणाही नाही.

गल्लीत शोधलं, शाळेत शोधलं, देवळात शोधलं. शेवटी आमच्या केळीबागेत वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार छगन संध्याकाळी दोघांना घेऊन आला. बागेच्या पार आत, जिथं केळीची पानं इतकी दाट असतात की दिवसाही अंधार, तिथं दोघं चिखलात बसली होती. गुणा झोपला होता. मुक्तानं त्याच्या तोंडावर हात धरून ठेवला होता, रडला तर ऐकू जाईल म्हणून.

“अगं, पण का पळालीस?” मी विचारलं.

ती म्हणाली, “ते गोसावी गुणाला मागणार होते. आजी म्हणाली, म्हणतील ते कर.”

मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती मागे सरकली. माझ्या पोरीला माझ्या हाताची भीती वाटली. ते मी अजून विसरलेले नाही.

सासूबाई म्हणाल्या, “आमी बी लहानपनी आयकली ही गोष्ट. आमाले काय झालं?”

काय झालं ते माझ्यासमोरच बसलं होतं. पदर खोचला आणि नानांच्या घरी गेले. मालक मागून “राहू दे ना, राहू दे ना” म्हणत कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

नाना झोपाळ्यावर होते. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. सून बोलायला लागली की घरोघरचे पुरुष असंच हसतात.

“सूनबाई, ही भक्तीची परीक्षा आहे. तुम्हाला वरवरचं दिसलं.”

“परीक्षा राजाची ना, नाना? मग पेपर मुलाच्या मानेवर का लिहिला?”

“पण मुलगा परत मिळाला की.”

“परत मिळणार हे राजाला माहीत होतं का?”

“नव्हतं. तीच तर श्रद्धा.”

“म्हणजे खराच मारला. आणि तुम्ही पोरांना हात वर करायला लावले.”

नानांचा झोपाळा थांबला. “तुमच्या मुलीचं मन कमकुवत आहे,” ते म्हणाले. “शहरी वळण. शेवटच्या सोमवारी ह्याच कथेचं नाटक करणार आहे मी. मुलाचं काम माझा नातू करील. बघायला या, संस्कार म्हणजे काय ते कळेल.”

नानांचा नातू सहा वर्षांचा. तालमीला राणीच्या वेशातल्या मुलीनं मुसळ उचललं मात्र, त्यानं चड्डी ओली केली आणि खांबाला जी मिठी मारली ती सोडेना. तालीम पाहायला त्याची आई कुंदाबाई आली होती. तिनं त्याला सोडवून कडेवर घेतलं, सासऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मुलासकट एरंडोलला माहेरी गेली. दुसऱ्या कुणाच्या आईनंही आपला मुलगा द्यायची तयारी दाखवली नाही. एवढे हात वर झाले होते, पण उखळाजवळ जायला एकही डोकं मिळेना.

नाटक मात्र झालं. नानांनी एक मोठा कोहळा आणला, त्याला काजळानं डोळे काढले, टोपरं बांधलं आणि उखळात ठेवला. राणीनं गाणं म्हणत तो फोडला. पाणी आणि बिया उडाल्या. बायका हुंदके देऊन रडल्या. माझ्या सासूबाई तर सर्वांत जास्त. एका भाजीसाठी इतकं रडणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुक्ता माझ्या मांडीवर बसून बघत होती. हळूच म्हणाली, “आई, नानांनी त्यांचा नातू दिला नाही ना?”

“नाही दिला.”

“मग ते राजापेक्षा चांगले आहेत.”

मला हसू आलं. त्या रात्री मी दोघांना ती गोष्ट पुन्हा सांगितली, काही न वगळता, कापण्यासकट. मग मुक्ताला म्हटलं, “राजाराणी चुकले. मी असते तर दिलं नसतं.”

“देव आला असता तरी?”

“तरी. म्हटलं असतं, भाकरी-पिठलं आहे, खायचं तर खा.”

त्या रात्री ती माझा हात धरून झोपली.

पुढच्या श्रावणात नानांनी वर्ग पुन्हा भरवला. मालकांनी आणि सासूबाईंनी भीड घातली म्हणून मी मुक्ताला पाठवलं. यंदा नानांनी पोथीच सुधारली होती. राजानं म्हणे देवापुढं कोहळा कापला, देवानं तोच मुलगा मानून घेतला. आदल्या वर्षी जी गोष्ट शब्दन् शब्द खरी होती, ती ह्या वर्षी भाजीवर आली, आणि ते सांगतानाही आवाज तोच, बोट तसंच वर.

मुक्ता उभी राहून म्हणाली, “नाना, कोहळा नव्हता. मुलगा होता.”

नानांनी तिला वर्गातून बाहेर काढलं. ती घरी आली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तिनं सगळं सांगितलं.

“रडलीस?”

“नाही. माझ्यामागं शेजारच्या लीलाधरकाकांची भारतीपण उठली. बाहेर आपल्या ओट्यावर बसलीय. तिला पाणी हवंय.”

मी हात पुसले आणि तांब्या भरून दिला.