पाळण्यातला भोकाचा पैसा

लेक झोपलीय. पाळणा गप्प आहे, तोवर लिहून घेते.

गेल्या आठवड्यात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बिबवेवाडीचं अख्खं घर उलथंपालथं केलं. नामकरणाला लेकीच्या करदोट्यात भोकाचा पैसा ओवायचा होता, आणि डबी रिकामी.

"दृष्टबिष्ट आपल्यात मानत नाहीत, सुंदरा," सासरे पेपरामागून म्हणाले.

"दृष्टीसाठी नाही हो! माझ्या वडिलांची आठवण आहे. माझ्या कमरेला होता, अनिरुद्धच्या होता, आता त्याच्या लेकीच्या असू दे."

पैसा इंग्रजांचा, १९४३चा. लढाईत तांब्याची टंचाई, म्हणून सरकारनं नाण्याच्या पोटातलंच तांबं वाचवलं. आईंचे वडील तेव्हा खडकीला काडतुसं बनवायचे. "पैशाचं पोट माझ्या बापाच्या हातून लढाईला गेलं," असं आई ऐटीत सांगतात. त्यावर राजाचा चेहरा नाही, नुसता मुकुट. "चेहरा छापला असता तर नेमकं नाकात भोक पडलं असतं," इति सासरे.

पैसा कुठे होता ते मला ठाऊक होतं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, तो पाळण्याच्या कडीत वायसर म्हणून बसवला होता. दुकानातले वायसर लावून झाले, कुरकुर हटेना. हा बसला आणि पाळणा मुका झाला. मी चक्क गरम चहा प्यायले. आता सांगा, तोंड कशाला उघडू?

"सोफ्याखाली पाहिलंत का, आई?" मी म्हणाले. बाबांनी पेपर आणखी वर धरला.

आईंनी सोफ्याखाली पाहिलं, मग पाळणा सरकवला, मग वर पाहिलं.

"अहो! माझा बाप छताला टांगलात?"

"त्या काळीही लोक त्याचे वायसरच करायचे."

"इतिहास पुरे. उतरवा."

पैसा करदोट्यात गेला, नामकरण थाटात झालं आणि पाळणा पुन्हा कुरकुरू लागला. दुपारी लेक किंचाळून उठली, की मी तिला आईंच्या मांडीवर ठेवायचे. "तुमच्याकडेच शांत राहते हो."

तिसऱ्या दुपारी, डुलकी आणि मालिका दोन्ही बुडाल्यावर, आईंनी करदोटा सोडला आणि पैसा बाबांच्या हातावर ठेवला.

"बसवा. पणजोबा कमरेला असले काय नि डोक्यावर असले काय, लक्ष पोरीवरच."

पाळणा गप्प झाला. मी हळूच पाय पसरले.

"आणि तू गं," आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोफ्याखाली अजून काही सापडलं, तर सांग हो."