तार तुटल्यानंतर

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. नव्वद मिनिटांची, पांढऱ्या कवचाची. पांढरी आता म्हणायचं एवढंच. तामनरासेत या वाळवंटी गावच्या उन्हानं मी पार पिवळी पडले आहे.

माझ्या पोटात तीन गिटारवाले आहेत: अखामुक, बेय आणि एलगाली. वाळवंटातल्या एका लग्नात, भर दुपारी, हे तिघे समोरासमोर बसून रॉक वाजवत होते. एकानं काही वाजवलं की दुसरा ते दुप्पट वेगानं परत करी. कुणी हार मानेना. ते सगळं टाळ्या-शिट्ट्यांसकट माझ्यावर उतरलं. शेवटी अखामुकनं एक सूर इतका ताणला की गर्दी श्वास घ्यायची विसरली. आणि तार तुटली.

सगळे गप्प. अखामुक मान खाली घालून बसला. क्षणभरानं बायकांमधून एक आवाज आला, "तार तुटलीय, हात नाही मोडला! वाजव की!" पाठोपाठ तिनं जीभ हलवत लांबलचक किलकारी दिली. लोक हसले, नाचायला उठले आणि माझी फीत संपली.

त्या दिवशी अखामुक तिला ओळखतही नव्हता. पुढच्या वर्षी ती त्याची बायको झाली.

बाजारातल्या दुकानदारानं माझ्या शेकडो प्रती काढल्या. प्रत्येक वेळी त्या सुरावर तो बटण दाबून मला थांबवायचा. "पुढं नुसता गोंगाट आहे," म्हणायचा. त्यामुळे तो सूर गावातल्या प्रत्येक गाडीत पोचला, पण तिचा आवाज माझ्याखेरीज कुणाकडेच राहिला नाही.

पुढे मोबाइल आले. मी एका मालमोटारीत, पुढच्या काचेपाशी नऊ उन्हाळे पडून होते. मागच्या हिवाळ्यात अखामुकची बायको वारली. तेव्हा त्यानं मला शोधून काढलं आणि बाहीनं पुसलं. पण मला वाजवणारं यंत्रच घरात उरलं नव्हतं.

तसं यंत्र घेऊन राजधानी अल्जियर्सहून नाझिम आला. तिघांचा अल्बम तो नव्यानं काढणार होता.

"काका, सगळ्यात मोठा आवाज कुठं आहे? आवाजाची पातळी ठरवायला आधी तेवढंच वाजवून बघतो," तो म्हणाला.

"शेवटी."

मित्रांनो, इथे चूक झाली. मी ठिसूळ झाले होते. शेवट वाजवायचाच तर तो उतरवून घेत वाजवायला हवा होता, नुसता तपासायला नव्हे. सूर चढला आणि यंत्रानं मला आत ओढलं. करकर आवाज झाला. फीत यंत्राच्या फिरत्या रुळांवर गुंडाळली गेली आणि तुटली.

निखाऱ्यांवरचा चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

नाझिमनं चिमट्यानं मला सोडवलं. चार बोटं फीत चुरगळली होती. "सूर वाचेल. हातानं सपाट करतो," तो म्हणाला. "पण मागचा तुकडा जोडला तर चुरगळलेली जागा तो ताण सोसणार नाही, यंत्र पुन्हा इथंच ओढणार. तसंही त्या सुरापुढं कुणाच्याच प्रतीत काही नाही. टाकून देऊ." त्यानं कात्री उचलली.

"थांब. मागं एका बाईचा आवाज आहे."

"मग काय झालं? कुणीतरी बाई ओरडली असेल, काका. कोण आहे ती? हवं तर वेष्टनावर नाव छापू तिचं. सांगा."

अखामुकनं पागोट्याचं तोंडावरचं कापड डोळ्यांपर्यंत ओढून घेतलं. अखामुकच्या वाळवंटी लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. म्हणून मीही घेतलेलं नाही. नाझिम उत्तरेकडचा, त्याला हे ठाऊक नव्हतं. तो वाट बघत राहिला. कात्रीची पाती मला दोन्ही बाजूंनी टेकली.

"नाव नाही घेता येत," अखामुक म्हणाला. मला वाटलं, संपलं. "ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य आहे ते. नंतर एकतीस वर्षं बोलतच होती."

पाती दूर झाली.

"मग चुरगळलेलं कापावं लागेल," नाझिम हळूच म्हणाला. "सूर अर्धाच राहील. लोक हा अल्बम त्या सुरासाठीच घेतात, काका."

"काप. तो सूर बाजारात पोत्यानं मिळेल."

नाझिमनं चार बोटं कापली, दोन्ही टोकं जुळवली, वरून चिकटपट्टी दाबली. आता सगळं उतरवून घ्यायचं होतं, आणि तेही एकाच फेरीत. मी फिरू लागले. जोड जवळ आला तसा अखामुकनं गुडघा घट्ट धरला. जोड रुळाखाली शिरला, अडखळला आणि पलीकडे गेला.

सूर मध्येच थांबला आणि लगेच ती म्हणाली, "तार तुटलीय, हात नाही मोडला! वाजव की!"

अखामुक दचकला. "लवकर बोलली. तेव्हा जरा थांबली होती."

"मधली शांतता त्या चार बोटांत गेली, काका."

"बरं झालं," तो म्हणाला. "फार वाट बघायला लावली होती मी तिला."

मित्रांनो, आता मी डब्यात, सावलीत असते. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला उन्हात टाकू नका. आणि प्रत काढताना, गाणं संपलं म्हणून लगेच बटण दाबू नका. थोडं थांबा. मागं कुणीतरी बोलत असेल.