टुमटुम मेंढरांमागं गेला

बिराप्पा आटपाडीकडचा. उभी हयात मेंढरांमागं गेली. पाऊसकाळ सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा माळाची वाट धरायची. त्या चालण्यानं तो कधी दमला नव्हता. सांगलीत लेकाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात बसून मात्र पार दमून गेला होता.

लेक धनाजी हळदीच्या गोदामात कामाला, सून सोनम दवाखान्यात. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात उरायचे बिराप्पा, अडीच वर्षांचा नातू मल्हार आणि टुमटुम.

टुमटुम म्हणजे टीव्हीतला निळा गेंडा. गळ्यात लाल मफलर, बोलणं नाकातून. त्यानं घास घेतला की मल्हार घास घ्यायचा, तो झोपला की हा आडवा व्हायचा. त्यातही टुमटुमची टोपी हरवते तो भाग पुन्हा पुन्हा लावावा लागे. बिराप्पाला त्या गेंड्याचा वीट आला होता. पण खोटं कशाला बोला, पडद्यावर गेंडा आला की म्हातारा भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायचा. दिवसभरात तेवढाच काय तो विसावा.

त्या दिवशी त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, की संध्याकाळी पोरांना सांगून टाकायचं. गुडघे धरलेत. गावाकडं बायको तानुबाई चार शेरडं घेऊन एकटी राहतेय. आता आपल्याच्यानं होत न्हाई.

दुपारी वरणभात कालवला आणि टुमटुम टोपी शोधायला निघाला तेवढ्यात लाईट गेली.

मल्हारनं काळ्या पडद्याकडं बघितलं. "टुमटुम लाव."

"लाईट न्हाई रं बाळा."

"टुमटुम लाव."

बिराप्पाचा फोन बटणाचा, त्यात गेंडा कुठला यायला? पोरानं ताटली ढकलली आणि फरशीवर लोळण घेतली. कडेवर घेऊन गॅलरीत फिरवलं, खालची कुत्री दाखवली. कशानं काही गप होईना. रडून रडून ओकारी यायची वेळ आली, तसा म्हातारा मटकन खाली बसला आणि सुचेल ते बोलला.

"टुमटुम इथं हायच कुठं? त्यो आमच्या मेंढरांमागं गेलाय."

हुंदका अर्ध्यात थांबला. "का?"

"का म्हंजी? मेंढरं कोण राखणार? लाल मफलर काढला, घोंगडं घेटलं खांद्यावर आन् निघाला." बिराप्पानं घास पुढं केला. तो आत गेला. "वाटंत एक मेंढी लंगडाय लागली. पायात काटा."

"बाऊ?"

"मोठा बाऊ. टुमटुमनं काटा काढला. मग त्याला लागली भूक."

ताटली रिकामी झाली. टुमटुमनं नदी ओलांडली, कोकराला काखेत घेतलं, लांडग्याला हाकललं. बिराप्पा कितीतरी दिवसांनी इतकं सलग बोलला होता. बोलता बोलता ते कोकरू खरंच त्याच्या डोळ्यांपुढं आलं. पुरात वाहून चाललेलं ते बिराप्पानंच कधीतरी कानाला धरून ओढून काढलं होतं.

मल्हार मांडीवर झोपला. पाय अवघडले, पण म्हातारा हलला नाही.

पोरगं जागं झालं तोवर लाईट आली होती. बिराप्पानं घाईनं टीव्ही लावला आणि भिंतीला टेकला. मल्हारनं घटकाभर पडदा बघितला, मग त्याच्या धोतराला धरून ओढलं.

"ह्यो न्हाई. मेंढीचा टुमटुम."

"आरं, त्योच हाय की ह्यो."

"न्हाई."

संध्याकाळी सोनम आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. डोळे ओढलेले. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजले होते. बिराप्पानं तिला पाणी दिलं. बोलावं की नको, असं झालं, पण बोलला.

"सोनम, मी जरा गावाकडं जातो म्हणत हुतो. लय दमलोय बाई."

तिनं तांब्या खाली ठेवला. "दिसतंय मला, आण्णा. बालवाडीत याला पुढच्या महिन्यात घेतील. तवर थांबाल का? आत्याबाईंना इकडंच बोलवावं तर शेरडं कोण बघणार."

"ती न्हाई यायची शेरडं सोडून." त्यानं तांब्या उचलला. "थांबतो महिनाभर."

तेवढ्यात मल्हार आईच्या मांडीवर चढला आणि तिच्या पायाला हात लावून म्हणाला, "काटा? टुमटुम काढतो."

सोनमला काही कळलं नाही. ती म्हाताऱ्याकडं बघायला लागली. दुपारचं सगळं सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"हाय एक गेंडा आमच्या कळपात," तो म्हणाला आणि सतरंजीवर आडवा झाला.

मल्हार त्याच्या छातीवर येऊन बसला. "आज्जा, टुमटुम?"

"टुमटुम दमला बाबा. झोपलाय झाडाखाली."

पोरानं विचार केला. मग आज्ज्याच्या मिटल्या पापणीवर बोट ठेवून ती हळूच वर उचलली.

"उठव."

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला आणि टुमटुमला उठवलं.