रताळ्यांच्या टोपलीतली कळलावी

"आतापर्यंत किती जणांना मारलंस गं?"

मी ऐन बहरात असताना रोपवाटिकेच्या मालकांच्या मुलीने मला हे विचारलं. 'एवढी शूर आहेस तर त्या विषारी वेलीसमोर बसून विचारून दाखव,' अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तोंड कधी बंद नसतं म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात. तिने विचारलं आणि चौघी खिदळत पळाल्या. उत्तर ऐकायला एकही थांबली नाही. म्हणून मित्रांनो, ते तुम्हाला सांगते.

मी कळलावी. माझी फुलं ज्वाळेसारखी, खाली पिवळी, वर लालभडक. कंदापासून बीपर्यंत मी विषारी आहे आणि हे मी कधीच लपवलं नाही. लपवलं ते माणसांनी.

मी आपण होऊन इथे आले नाही. टकळीच्या बाबांनी मला ओल्या गोणपाटात गुंडाळून लांबून आणलं, कारण माझ्या फुलांपुढे गिऱ्हाईक हमखास थबकतं. सुरुवातीला माझं कोण कौतुक! लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. "हिला फार जपावं लागतं का हो?" असं कोणी विचारलं, तर बाबा म्हणायचे, "छे, पाणी घाला आणि विसरून जा." विसरून जा म्हणे.

पुढे मी फार वाढले, तेव्हा त्यांनी माझ्या शेंगा आणि जादा कंद भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत भिरकावले. तिथे मी रुजले, पसरले, तिथली रानफुलं झाकून टाकली. आता तेच म्हणतात, "काय माजलीय बघा." मित्रांनो, मला पाय नाहीत. भिंतीवरून उडी मी मारलेली नाही.

फुलं संपली की माझी वेल वाळते आणि जमिनीत नुसते कंद उरतात. बाबा ते खणून कोरड्या वाळूत ठेवतात. टकळीची आई रताळीसुद्धा वाळूतच ठेवते, टिकतात म्हणून. दोन्ही टोपल्या एकाच शेडमध्ये, शेजारीशेजारी, दिसायला जुळ्या बहिणी. यंदा आत्या राहायला आली. वहिनीला मदत करावी म्हणून तिने टोपलीत हात घातला आणि मला उचललं. धुतलं, कुकरला लावलं, टकळीच्या ताटात वाढलं.

"आत्या, हे रताळं दोन बोटांसारखं का आहे?"

"तुला मेलीला प्रत्येक घासात शंका. खा मुकाट्याने. मी चव बघितलीय, जरा कडू आहे इतकंच."

बाबांनी ताटात पाहिलं आणि त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. "कोणी तोंडाला लावू नका. ताई, तू किती खाल्लंस?"

एका घासापायी आत्या चार दिवस दवाखान्यात होती. वाचली. डॉक्टरांना दाखवायला नेलेला माझा एक कंद पिशवीतून परत आला आणि ओट्यावर पडून राहिला, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"त्या अवदसेला उपटून जाळा," आई म्हणाली.

जाळा खुशाल. पण मला वाळूत ठेवलं कोणी? टोपलीवर दोन अक्षरं लिहायला काय हात दुखत होते?

"बाबा, ती विषारी आहे हे तुम्हाला माहीत होतं?" टकळीने विचारलं.

"होतं गं. पण तसं सांगितलं की गिऱ्हाईक मागे फिरतं."

"किती घरांत दिलीय आपण ही?"

"असतील तीस-चाळीस."

"त्यांच्यापैकी कोणाला माहीत आहे?"



मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. दारात कुठलंही झाड लावण्याआधी त्याचा स्वभाव विचारून घ्या आणि नकोसं झालं की दुसऱ्याच्या जागेत फेकू नका, एवढंच माझं मागणं आहे. माझ्या विषाचा दोष मला द्या, तुमच्या गप्प बसण्याचा देऊ नका.

टकळीने दप्तरातून वही काढून बाबांसमोर ठेवली.

"उद्या शाळा सुटली की मी सायकल काढणार आहे. एकेका घरी जाऊन सांगणार, ही वेल विषारी आहे आणि आम्ही ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आई, मला उशीर होईल. बाबा, तुम्ही पत्ते लिहून द्या, आत्ताच."