पांढऱ्याशेजारी पांढरं

पांढऱ्या दोऱ्याचं रीळ... डोळ्याला अगदी लागून धरलेलं, आणि हातातल्या आरशात दोन पांढरे, एकमेकांशी न जुळणारे. ट्यूबलाइटचा भरवसा नाही म्हणून ती दुकानाच्या दारात आली होती. कापडाला दोरा जुळवायचा तो दिवसाउजेडीच, ही शिलाईकामातली जुनी सवय. उजेडानं भीड ठेवली नाही. रीळ पांढरं होतं, डोळा पिवळा.

काल रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काविळीचा जुना विषाणू यकृतात दबा धरून बसला होता. त्याची गोळी बंद कुणी केली?" मीच केली, ती आता मनाशी म्हणाली, दुसरं कोण करणार! दीड वर्षापूर्वी धाकट्या भावाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी माझ्यात घातल्या, रक्ताचा कॅन्सर गेला, रक्तगटसुद्धा बदलून त्याचा झाला — मग वाटलं, रक्तच नवं, तर जुनं दुखणं राहील कुठे? राहायला यकृत होतं. तिथलं बिऱ्हाड कुणी हलवलंच नव्हतं.

मागच्या टेबलावर धाकटा कापड बेतत होता. कात्री नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

"ताई, बॅग भरलीस? दुपारी दाखल व्हायचंय."

"एवढा कोट संपवते."

"कोट गेला खड्ड्यात! माझ्या रक्ताची माती केलीस तू."

माझं रक्त... दीड वर्ष त्याचं हेच पालुपद. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा, हसत हसत — ताई आता माझ्या रक्तावर चालते बरं का! आणि ती हसायची, मान खाली घालून, जणू श्वासही उसना घेतलेला. यकृत निकामी होऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नव्हतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण चूक झाली म्हणून मान खाली घालून मरायचं? मुळीच नाही.

"रक्त दिलंस, जन्मभर विसरणार नाही," ती म्हणाली. "पण यकृत माझं आहे. चुकले तीही मी, आणि झुंजणार तीही मीच. तू हिशेब मागू नकोस."

कात्री थांबली.

"हिशेब कुठला, ताई... तू मरशील ना गं."

लहानपणी अंधारात हाक मारायचा तसाच आवाज. म्हणजे एवढे दिवस हा मालकी सांगत नव्हता, घाबरला होता? की दोन्ही?

"मरायला सवड कुणाला आहे?" ती म्हणाली. कालपासून पुन्हा सुरू केलेली गोळी तिनं त्याच्यासमोर गिळली. भीती होती तिथेच होती, पोटात, उजव्या बाजूला. पण आता ती भीती तिची स्वतःची होती, कुणाच्या उपकारातली नव्हती. रीळ, सुई आणि अर्धा कोट तिनं बॅगेत कोंबले. बटणं तिथे लावता येतील. वॉर्डाला खिडकी तर असेलच.